दोन शक्तींचा सारथी : फर्डिनंड पोर्शे

विद्यार्थिमित्रहो, आपल्या छत्रपती संभाजीनगरातून जालन्याच्या रस्त्याने निघाले असता शेंद्रा येथे मोटारगाड्यांचा मोठा कारखाना लागतो. चेक देशातील स्कोडा या कंपनीने २००१ साली आपल्या जिल्ह्यात गाड्या जोडण्यास आरंभ केला. दुसऱ्या बाजूस, पैठणच्या रस्त्यावर, बिडकीन येथे उद्योगांसाठी विस्तीर्ण जमीन राखून ठेविलेली आहे. आणि जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर या कंपनीने महाराष्ट्र शासनाशी करार करून आपल्या जिल्ह्यात विजेवरच्या व संकरित गाड्यांचा कारखाना उभारण्याचे ठरविले. संकरित गाडी म्हणजे जीस लोक हायब्रिड म्हणतात ती. तेव्हापासून वर्गातील मुले आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारीत असतात. एकाच गाडीत पेट्रोलचे एंजिन आणि विजेची मोटर ही दोन्ही कशी नांदतात? गाडी खरोखर ओढतो तरी कोण?

प्रश्न उत्तम आहे. त्याचे उत्तर फळ्यावर आकृती काढून देता येईल. परंतु ज्या पुरुषाने ही जोडी प्रथम जुंपून रस्त्यावर चालवून दाखविली, त्याचे चरित्र सांगितले असता उत्तरही मिळेल आणि त्याहून अधिक काही पदरात पडेल, असे आम्हांस वाटते. म्हणून प्रस्तुत अंकात फर्डिनंड पोर्शे यांची जीवनकथा आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. या कथेत अनुकरणीय असे पुष्कळ आहे, तसेच ज्यापासून दूर राहावे असेही आहे. दोन्ही सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य होय.

फर्डिनंड पोर्शे यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमिया प्रांतातील माफर्सडॉर्फ या गावी झाला. हा प्रांत त्या काळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात मोडत असे. आज ते गाव चेक देशात असून लिबेरेत्स शहराचा एक भाग झाले आहे. ज्या घरी ते जन्मले ते घर, ज्या स्कोडा कंपनीचा वर उल्लेख केला तिनेच पुढे विकत घेऊन २०१६ साली प्रेक्षकांस खुले केले. वडील आंतोन पोर्शे हे पत्र्याची व नळांची कामे करणारे कुशल कारागीर होते. मुलाने आपल्याच दुकानी बसावे, हातोडी व कातर हाती घ्यावी आणि घरचा धंदा पुढे चालवावा, अशी त्यांची साधी इच्छा होती. फर्डिनंडाने ती मोडली नाही. दिवसभर तो वडिलांच्या हाताखाली काम करी. परंतु त्याचे मन दुसरीकडे गुंतले होते.

त्याच्या गावात गालिचे विणण्याचा एक मोठा कारखाना होता, व तेथे विजेचे दिवे लागत. ज्या काळी गावोगाव तेलाचा दिवा हाच रात्रीचा सोबती होता, त्या काळी तारेतून येणारा तो प्रकाश पाहून या मुलास वेड लागले. वडिलांस हा नाद पसंत नव्हता. तथापि दिवसाचे काम उरकल्यावर तो जवळच्या रायखेनबर्ग शहरातील शासकीय औद्योगिक शाळेत सायंकाळच्या वर्गास जाऊ लागला. घरी तो तारा, चुंबक व बॅटऱ्या घेऊन खटपट करीत बसे. अखेर १८९३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने आपल्या आईबापांच्या घरात स्वहस्ते विजेचे दिवे लाविले.

येथे आम्ही पालकांसही एक शब्द सांगू इच्छितो. मूल तारा जोडीत बसले म्हणजे ते अभ्यास बुडविते असे समजून त्यास रागे भरणे सोपे आहे. परंतु पुस्तक हे विद्येचे एक दार आहे, हात हे दुसरे. कारागिराच्या घरी जन्मल्यामुळे फर्डिनंडाच्या हातास जी शिस्त लागली, तिचा त्यास पुढे जन्मभर उपयोग झाला.

त्याच वर्षी तो राजधानी व्हिएन्नास गेला आणि बेला एगर यांच्या विजेच्या सामानाच्या कारखान्यात साध्या कामगाराच्या जागी लागला. महाविद्यालयाची पदवी घेण्याइतकी अनुकूलता नव्हती. म्हणून रीतसर नाव न घालता, सवड मिळेल तेव्हा, तो तेथील तंत्रविद्यालयातील व्याख्याने मागल्या बाकावर बसून ऐकत असे. चार वर्षांच्या आत तो त्या कारखान्याच्या परीक्षण विभागाचा प्रमुख झाला. याच काळात त्याने एक नवी युक्ती काढिली. विजेची मोटर गाडीच्या पेटाऱ्यात ठेवून साखळीने चाक फिरविण्याऐवजी ती चाकाच्या तुंब्यातच बसवावी, म्हणजे मधल्या दांड्या, दाते व साखळ्या यांचे कामच उरणार नाही. १८९९ साली राजघराण्यास बग्ग्या पुरविणाऱ्या लोनर कंपनीने या तरुणास आपल्याकडे बोलावून घेतले, आणि पुढील वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात लोनर-पोर्शे नावाची विजेची गाडी मांडली गेली. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांत एकेक मोटर होती. ती पाहण्यास लोकांची दाटी झाली व चोवीस वर्षांच्या पोर्शे यांचे नाव युरोपभर झाले.

परंतु खऱ्या कारागिरास आपल्या कृतीतील उणीव प्रथम दिसते. त्या गाडीच्या बॅटरीचे वजन सुमारे ४१० किलोग्रॅम होते, आणि एवढे ओझे वाहूनही ती सुमारे ५० किलोमीटर गेली की थके. आपल्या शहरातून पैठणास जावे आणि परतण्यास वीज उरू नये, असा प्रकार. अंतर वाढविण्यासाठी बॅटरी वाढवावी, तर बॅटरीचाच भार ओढण्यात वीज खर्ची पडे. इंग्लंडमधील एका गृहस्थाने शर्यतीसाठी चारही चाकांत मोटर असलेली गाडी त्यांच्याकडून करवून घेतली. तिच्या एकट्या बॅटरीचे वजन सुमारे १,८०० किलोग्रॅम भरले. या मार्गाने पुढे जाणे नाही, हे पोर्शे यांनी ओळखले.

दुसरीकडे पेट्रोलचे एंजिन होते. एक डबा पेट्रोल घेतले की ते कित्येक मैल जाई. पण त्याचेही दोष होते. एंजिन स्तब्ध स्थितीत काहीच जोर देत नाही; आधी ते हाताने फिरवून सुरू करावे लागे, मग दातांची चक्रे बदलीत बदलीत गाडीस गती द्यावी लागे. शिवाय ते एका ठराविक वेगाने व योग्य ओझ्याखाली चालले तरच काटकसरीने चालते. रेंगाळत किंवा धक्के खात चालले की बहुतेक पेट्रोल उष्णतेच्या रूपाने व्यर्थ जाते. विजेच्या मोटरीचा गुण याच्या अगदी उलट. ती उभ्या जागेवरून पहिल्याच क्षणी पूर्ण जोर लाविते, आवाज करीत नाही आणि दातांची चक्रे मागत नाही. एकाचा जो गुण तोच दुसऱ्याचा दोष.

आमच्या खेड्यांतील शेतकऱ्यास हे सांगावयास नको. त्याच्या जोडीतील एक बैल उठावास चांगला असतो, चिखलात रुतलेली गाडी तो एका हिसक्यात काढतो. दुसरा लांबच्या वाटेस चिवट असतो, सकाळपासून सायंकाळपर्यंत एका चालीने चालतो. शहाणा गाडीवान यांपैकी एकास विकून टाकीत नाही. तो दोघांस एका जुवाखाली आणतो, आणि कोणत्या वेळी कोणास हाक द्यावी हे ओळखून कासरा हाती धरतो.

पोर्शे यांनी हेच केले. १९०० साली त्यांनी जी गाडी सिद्ध केली तिचे नाव लॅटिन भाषेत सेम्पेर व्हिव्हुस, म्हणजे सदा जिवंत, असे ठेविले. तीत फ्रान्समधील द दियाँ-बूताँ या कंपनीची दोन लहान पेट्रोल एंजिने होती. एंजिनाचा चाकांशी काहीही संबंध नव्हता. प्रत्येक एंजिनास एक जनित्र, म्हणजे सायकलीला असते तसा पण मोठा डायनामो, जोडलेला होता. एंजिन जनित्र फिरवी, जनित्र वीज उत्पन्न करी, आणि ती वीज पुढच्या चाकांतील मोटरींस मिळे. मोटरींस लागून जी वीज उरे ती बॅटरीत साठे. एंजिन सुरू करावयाचे झाल्यास बॅटरीतील वीज उलट जनित्रास द्यावी, म्हणजे तेच मोटर होऊन एंजिनास फिरवी. हाताने दांडा फिरविण्याचे कष्ट नकोत.

ज्यांनी विहिरीवरची मोट पाहिली असेल त्यांस ही रचना सहज कळेल. मोट पाणी काढून हौदात ओतते. हौदातून पाटाने पाणी पिकास जाते. पिकास कमी पाणी लागले तरी मोट आपल्या संथ गतीने चालते व हौद भरतो. एकदम अधिक लागले तर मोटेचे व हौदाचे पाणी मिळून जाते. येथे एंजिन ही मोट, बॅटरी हा हौद, आणि चाक हे शेत. एंजिनास रस्त्याच्या चढउताराप्रमाणे धावपळ करावी लागत नाही. ते आपल्या सोयीच्या चालीने चालते. अशा रचनेस आजचे तंत्रज्ञ एकसर रचना म्हणतात. हिच्यात एक उणेपण आहे, तेही सांगितले पाहिजे. हौदात पाणी भरताना व काढताना थोडे सांडतेच. तसेच जोराची वीज करून पुन्हा विजेचा जोर करताना काही भाग उष्णता होऊन वाया जातो.

पुढे १९०१ साली याच कल्पनेची सुधारलेली गाडी निघाली. तिचे नाव मिक्स्ट. तीत दोन लहान एंजिनांऐवजी पुढे एक मोठे डेमलर एंजिन बसविले व बॅटरी पुष्कळ लहान केली. १९०२ साली व्हिएन्नाजवळील एक्झेलबर्गच्या चढावरील शर्यतीत स्वतः पोर्शे यांनी ती हाकून आपल्या वर्गात विजय मिळविला. त्याच वर्षी लष्करी सेवेच्या निमित्ताने त्यांनी युवराज फ्रान्झ फर्डिनंड यांस याच गाडीतून फिरविले. न्यायाने हेही लिहिले पाहिजे की, दोन शक्ती जोडण्याचा विचार एकट्या पोर्शे यांनाच सुचला असे नाही. बेल्जममधील आंरी पीपर यांनी जवळजवळ त्याच काळी एंजिन व मोटर एकाच दांड्यावर बसवून दोघांचा जोर थेट चाकांस देण्याची रचना केली होती. मोठ्या कल्पना पुष्कळदा एकाच ऋतूत अनेक बागांत उमलतात.

इतकी उत्तम युक्ती मग मागे का पडली? कारण ती फार महाग होती. जनित्र, मोटरी, बॅटरी, तांब्याच्या तारा हे सर्व एका गाडीत घालावयाचे म्हणजे सामान्य मनुष्यास परवडणारे नव्हते. दुरुस्ती करणारेही दुर्मिळ. तिकडे अमेरिकेत १९०८ साली हेन्री फोर्ड यांची स्वस्त टी नमुन्याची गाडी निघाली, पेट्रोल मुबलक मिळू लागले, आणि १९१२ च्या सुमारास बटन दाबून एंजिन सुरू करण्याची सोयही झाली. पेट्रोलच्या गाडीने बाजार जिंकला. पोर्शे यांची जोडगाडी त्यांच्या काळाच्या फार पुढे जन्मली होती.

१९०६ साली पोर्शे हे व्हीनर नॉयश्टाट येथील ऑस्ट्रो-डेमलर कारखान्याचे तांत्रिक प्रमुख झाले. तेथेही त्यांनी आपली आवडती कल्पना सोडली नाही. मात्र तिचा उपयोग आता निराळ्या कामी झाला. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी त्यांनी रस्त्यावरून धावणारी एक आगगाडीच बनविली. पुढच्या गाडीतील पेट्रोल एंजिन वीज उत्पन्न करी, ती वीज जाड तारांवाटे मागील गाड्यांस जाई, आणि प्रत्येक गाडीच्या चाकांत मोटर असल्यामुळे ती आपला भार आपणच ओढी. चाके बदलली की हीच गाडी रुळांवरूनही चाले. या गाड्यांवरून पिल्सेन येथील स्कोडा कारखान्यात ओतलेल्या अवजड तोफा डोंगराळ प्रदेशात नेल्या गेल्या. यंत्र म्हणून ते आश्चर्यच होते. त्याच युद्धाच्या काळात व्हिएन्नाच्या तंत्रविद्यालयाने पोर्शे यांस सन्मानाची डॉक्टर ही पदवी दिली. ज्या विद्यालयात एके काळी हा पत्रेकाऱ्याचा मुलगा नाव न घालता मागल्या बाकावर बसे, त्याच विद्यालयाने त्यास मानाने बोलाविले, हा प्रसंग आमच्या गरीब विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा.

पुढील वर्षांचा वृत्तांत थोडक्यात असा. १९२३ साली ते जर्मनीत स्टुटगार्ट येथे डेमलर कंपनीत गेले व तेथे त्यांनी नामांकित वेगवान गाड्या काढल्या. मालकांशी न पटल्याने ते बाहेर पडले, काही काळ ऑस्ट्रियात श्टायर येथे राहिले, आणि १९३१ साली स्टुटगार्ट येथे गाड्यांचे आराखडे करून देणारी स्वतःची कचेरी त्यांनी उघडली. त्यांच्या मनात एकच ध्यास होता : कामगारासही घेता येईल अशी लहान, भक्कम व स्वस्त गाडी करावी. धनाढ्य कंपन्यांनी ही कल्पना हाती धरून अर्ध्यात सोडून दिली. इतक्यात १९३३ साली जर्मनीची सत्ता हिटलरच्या हाती गेली. त्यास लोकांपुढे मिरविण्यासाठी नेमकी अशीच एक गाडी हवी होती. १९३४ साली ते काम पोर्शे यांस मिळाले.

आता या चरित्राचा जो कठीण भाग, त्याकडे आम्ही वळतो. तो गाळून पुढे गेलो असतो तर लेख गोड झाला असता, परंतु खरा झाला नसता.

पोर्शे यांच्या कचेरीच्या स्थापनेत आडोल्फ रोझेनबर्गर नावाचे एक ज्यू गृहस्थ भागीदार होते. पैशाच्या अडचणीच्या दिवसांत त्यांनी ही कचेरी तगविली होती. ज्यूंचा छळ सुरू झाल्यावर १९३५ साली त्यांचा हिस्सा केवळ दर्शनी किमतीस पोर्शे कुटुंबाकडे गेला. त्याच वर्षी रोझेनबर्गर यांस पकडून काही काळ छळछावणीत ठेवण्यात आले, आणि सुटकेनंतर त्यांस देश सोडावा लागला. पोर्शे १९३७ साली नाझी पक्षाचे सभासद झाले. १९३८ साली फोल्क्सवागेनच्या, म्हणजे लोकांच्या गाडीच्या, कारखान्याची कोनशिला बसली. सुमारे ३,३६,००० जर्मन लोकांनी त्या गाडीसाठी आठवड्याआठवड्यास पैसे साठविले. परंतु युद्ध पेटले आणि त्यांपैकी एकासही त्या योजनेतून गाडी मिळाली नाही. कारखान्यात सैन्याची वाहने होऊ लागली. ती करण्यासाठी जिंकलेल्या देशांतून धरून आणलेली माणसे, युद्धकैदी व छळछावण्यांतील बंदी अशी हजारो माणसे सक्तीने राबविली गेली. कारखान्याच्या प्रमुखांत पोर्शे होते. हे सर्व त्यांच्या डोळ्यांदेखत घडले.

आणि ती तरुणपणची कल्पना? तीही पुन्हा प्रकट झाली, पण कोणत्या रूपाने! पोर्शे यांनी रणगाड्याचा एक आराखडा केला. त्यात दोन पेट्रोल एंजिने, त्यांस जनित्रे, आणि पट्टे फिरविण्यास विजेच्या मोटरी अशीच रचना होती. चाचणीत तो रणगाडा तापू लागला व वारंवार बिघडू लागला. म्हणून सैन्याने दुसऱ्या कंपनीचा नमुना पसंत केला. पोर्शे यांच्या आराखड्याप्रमाणे तयार होऊन पडलेल्या सुमारे ९० सांगाड्यांवर मग तोफा बसविल्या गेल्या. सुमारे ६५ टनांच्या या राक्षसी वाहनास त्यांच्याच नावावरून फर्डिनंड असे नाव मिळाले, व १९४३ च्या उन्हाळ्यात रशियातील कुर्स्कच्या रणभूमीवर ती वाहने उतरली. ज्या युक्तीने ४३ वर्षांपूर्वी एक निःशब्द बग्गी पळविली होती, तीच युक्ती आता मृत्यूस ओढून नेत होती. युक्तीचा त्यात दोष नव्हता. एंजिनास, मोटरीस, तारेस आपण कोठे चाललो हे कळत नाही. ते कळणे हे कासरा धरणाऱ्याचे काम असते.

युद्ध संपल्यावर, डिसेंबर १९४५ मध्ये, फ्रेंच अधिकाऱ्यांनी पोर्शे यांस अटक केली. सत्तरी गाठलेल्या या वृद्धाने दीजाँ येथील तुरुंगात दिवस काढले. १ ऑगस्ट १९४७ रोजी त्यांस जामिनावर सोडण्यात आले, व पुढे फ्रेंच न्यायालयाने त्या आरोपांतून त्यांस मुक्त केले. मधल्या काळात पुत्र फेरी यांनी ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे लाकडाच्या जुन्या वखारीत कचेरी चालविली व १९४८ साली पोर्शे या नावाची पहिली गाडी बाहेर काढली. नोव्हेंबर १९५० मध्ये पोर्शे वोल्फ्सबुर्ग येथील फोल्क्सवागेनचा कारखाना पाहण्यास गेले. रस्त्यावर आता त्यांनी कल्पिलेली ती लहान, गोल पाठीची गाडी सामान्य लोकांस घेऊन चालली होती. त्यानंतर लवकरच त्यांस पक्षाघात झाला, आणि ३० जानेवारी १९५१ रोजी स्टुटगार्ट येथे, वयाच्या ७५ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्या गाडीच्या २ कोटी १५ लाखांहून अधिक प्रती जगात निघाल्या. शेवटची २००३ साली मेक्सिकोत तयार झाली.

मनुष्य गेला तरी चांगली कल्पना वाट पाहत थांबते. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखल्यावर पेट्रोलची खरी किंमत जगास कळली. शहरांची हवाही धुराने कोंदली. तेव्हा तंत्रज्ञांस एंजिन व मोटर यांच्या जोडीची पुन्हा आठवण झाली, आणि डिसेंबर १९९७ मध्ये जपानात टोयोटा कंपनीने प्रियस नावाची संकरित गाडी विक्रीस आणली. मोठ्या संख्येने तयार झालेली अशी ही पहिलीच गाडी होय. तीत पोर्शे यांची एकसर रचना आणि पीपर यांची थेट रचना या दोहोंचा मिलाफ आहे. आता मुलांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल.

या गाडीत शक्तीची वाटणी करण्यास एक दंतचक्रांचा संच असतो. त्याची मांडणी ग्रहमालेसारखी असते : मध्ये सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे, आणि सर्वांस वेढणारे, आतून दाते असलेले वलयचक्र. ग्रहचक्रे ज्या चौकटीवर बसविलेली असतात ती एंजिन फिरविते. सूर्यचक्रास जनित्र जोडलेले असते. वलयचक्रास विजेची मोटर व गाडीची चाके जोडलेली असतात. पहिल्या प्रियसमध्ये सूर्यचक्रास ३० दाते व वलयचक्रास ७८ दाते होते. दोहोंची बेरीज १०८. म्हणून एंजिनाच्या पिळाच्या जोराचे १०८ भाग केले तर ७८ भाग, म्हणजे शेकडा सुमारे ७२, थेट चाकांकडे जातात, आणि उरलेले शेकडा सुमारे २८ जनित्राकडे जातात. मुलांनी हे गणित स्वतः करून पाहावे. जोराची ही वाटणी दात्यांनीच ठरवून दिलेली असते. परंतु जनित्राचा वेग कमीजास्त करून एंजिनास त्याच्या सोयीच्या चालीवर ठेविता येते. जनित्रात उत्पन्न झालेली वीज मोटरीस द्यावयाची की बॅटरीत साठवावयाची, हे गाडीतील गणकयंत्र क्षणोक्षणी ठरविते.

समजा, अशी गाडी घेऊन आपण सहलीस वेरूळला निघालो. क्रांती चौकातील दिव्याजवळ गाडी थांबली की एंजिन बंद होते. उभ्याउभ्या पेट्रोल जळत नाही. हिरवा दिवा लागताच मोटर एकटी गाडीस हळूच उचलते. शहराबाहेर मोकळा रस्ता लागला की एंजिन जागे होते व मुख्य भार ते घेते. दौलताबादचा घाट चढताना दोघेही जुवाखाली खांदा देतात. खुलताबादेहून वेरूळचा उतार लागला की खरी गंमत होते. चालकाने पाय उचलताच गाडीची चाकेच मोटरीस फिरवू लागतात. मोटर जनित्र बनते, गाडीचा वेग आवरते आणि त्या बदल्यात बॅटरीत वीज भरते. साध्या गाडीत हीच शक्ती ब्रेकच्या घर्षणात तापून नष्ट होते. संकरित गाडीची बचत कोठून येते, याचे रहस्य मुख्यतः असे आहे : थांबताना जाळावयाचे नाही, एंजिनास गैरसोयीच्या चालीने चालवावयाचे नाही, आणि उतारावरची मिळकत फेकून द्यावयाची नाही.

आमच्या महाराष्ट्रास या जोडीचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. ज्या किर्लोस्कर घराण्याचे नाव टोयोटाच्या नावास जोडलेले आहे, त्याचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर हे पोर्शे यांच्याहून सहा वर्षांनी वडील. तेही पदवीवाचून, हातांच्या बळावर मोठे झाले. बेळगावातील सायकलींच्या लहान दुकानापासून त्यांनी आरंभ केला, १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली, आणि शेतकऱ्यास नांगर, चरक व पंप दिले. त्यांच्या हयातीतच, १९४६ साली, याच घराण्याने पुण्यास तेलाच्या एंजिनांचा व बंगळुरास विजेच्या मोटरींचा कारखाना काढला. एंजिन व मोटर ही भावंडे आमच्या घरी पूर्वीच एका छताखाली वाढली होती, असे म्हटल्यास चालेल.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काही जण पुढे शेंद्र्यास किंवा बिडकीनला कामास लागतील. काही त्याहून दूर जातील. तुमच्या हातांत कौशल्य येईल, डोक्यात विद्या येईल, आणि ही दोन्ही एकमेकांस पूरक ठरली म्हणजे तुम्ही पुष्कळ भार ओढाल. पोर्शे यांच्यापासून श्रम, चिकाटी व स्वतःच्या कृतीतील उणीव ओळखण्याची दृष्टी घ्यावी. परंतु त्यांच्या आयुष्याने आणखी एक गोष्ट शिकविली आहे. दोन शक्तींत वाटणी करणे त्यांस जितके उत्तम साधले, तितके आपली विद्या कोणाच्या हाती द्यावी व कोणाच्या देऊ नये हे ठरविणे साधले नाही. ज्याने मागितले त्यास त्यांनी ती दिली. हा तिसरा भाग कोणतेही दंतचक्र आपल्यासाठी करीत नाही, व तो शिकविणारा वर्ग कोणत्याही कारखान्यात भरत नाही. तो घरी आईबापांच्या पायांशी व शाळेत सोबत्यांशी वागतानाच शिकावा लागतो. गाडी कितीही उत्तम असो, कासरा मात्र आपल्याच हाती असू द्यावा, एवढे सांगून आम्ही हे चरित्र संपवितो.